कालव्याचं शेवटचं दार

ऋजुता मोहरीरचं माणसांविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि त्या मतावरच तिची नोकरी उभी होती.

बावधनच्या टेकडीला पाठ लावून बसलेल्या ‘कोयरी’ नावाच्या कंपनीत ती कॉम्प्युटर गेमसाठी कोडी रचायची. म्हणजे सुरुवातीला रचायची. दरवाजे, कुलुपं, आरसे, तरफा, एकमेकांत अडकलेली चाकं. लोक तो गेम विकत घ्यायचे, थोडा वेळ डोकं खाजवायचे आणि मग मुकाट्याने इंटरनेटवर उत्तर शोधायचे. असं उत्तर बघून कोडं सोडवणारा माणूस नंतर मित्रांना “जमलं बुवा एकदाचं” असं छाती काढून सांगतो, हेही तिने पाहिलं होतं. एखाददुसरा नव्हे, जवळजवळ सगळेच.

“यांना कोडं नकोच आहे,” ती एकदा मीटिंगमध्ये वैतागून म्हणाली. “यांना फक्त सुटल्याचं सुख हवंय. मग तेवढंच देऊया की! कोड्याचा खटाटोप कशाला?”

ती हे कुत्सितपणे बोलली होती. कंपनीचा मालक निमिष पारेख याने मात्र मान डोलावली आणि तिला वेगळी टीम दिली.

त्यातून ‘वळण’ जन्माला आलं.

एखादी गोष्ट सुचण्याआधी मेंदूत एक ठरावीक हालचाल होते, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. उत्तर टकन डोक्यात आलं असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या क्षणभर आधी मेंदूचा पाहण्याचं काम करणारा मागचा भाग किंचित शांत होतो, जणू माणूस आतल्या आत डोळे मिटून घेतो, आणि उजव्या कानाच्या वरच्या बाजूला विजेची एक बारीक लहर उसळते. पूर्वी हे टिपायला डोक्याला तारा चिकटवाव्या लागत. आता पडद्यावरचा साधा कॅमेरा पुरत होता. डोळ्याची बाहुली किती रुंदावली, पापणी किती वेळ लवली नाही, माउस कुठल्या चित्रापाशी रेंगाळला, एवढ्यावरून संगणकाला कळायचं, की या माणसाला काहीतरी सुचतंय आणि साधारण काय सुचतंय. त्याचं त्याला कळायच्या आधी.

ऋजुताची करामत यापुढची. लहान मुलं खेळतात ना, ‘मी मनात एक प्राणी धरलाय, ओळख.’ आता समजा, धरणाऱ्याने प्राणी धरलेलाच नाही. चार पाय आहेत का? हो. पाळीव आहे का? नाही. असं करत करत, आधी दिलेल्या उत्तरांत बसेल असा कुठलाही प्राणी समोरच्याने म्हटला, की ओरडायचं, “बरोब्बर!” वळण हेच करायचं. कोड्याचं उत्तर आधी ठरलेलंच नसे. खेळाडूने आतापर्यंत जे पाहिलं त्याच्याशी जुळणारी सगळी उत्तरं जिवंत ठेवायची, आणि त्याच्या मनात जे उगवेल तिकडे कोडंच हळूच वळवायचं. मात्र पहिल्या फटक्यात नाही. तीनदा चुकू द्यायचं. तिसऱ्या चुकीपाशी माणूस स्वतःला मूर्ख समजायला लागतो, आणि त्यानंतर चौथ्यांदा यश आलं, की तो स्वतःला प्रचंड हुशार समजतो. हा हिशेब ऋजुताने स्वतः बसवला होता.

त्या गेमचं नाव ‘आहा’. वर्षभरात तो घराघरांत पोचला आणि देशात अचानक बुद्धिमान माणसांचा सुकाळ झाला. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न निघाला, की प्रत्येकाला आपला तोडगा अचूक वाटे, कारण रोज संध्याकाळी त्याचा प्रत्येक तोडगा अचूक ठरलेला असे. कुणी चूक दाखवली, तर लोक रागावत नसत, बुचकळ्यात पडत. ऋजुताची मावशी फोनवर म्हणाली, “अगं, या वयातही माझं डोकं कसलं चालतंय!” ऋजुताने “वा” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावला.

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. तो नेमका तिच्या घरात होता.

श्रीरंग, तिचा नवरा, दातांचा डॉक्टर होता. इतरांच्या घरी हॉलमधल्या काचेच्या कपाटात कपबशा असतात, तिथे त्याच्याकडे जुन्या पीसी गेमच्या तबकड्या, म्हणजे सीडी, होत्या. त्यांच्या मूळ खोक्यांसह, माहितीपुस्तिकांसह, काहींच्या तर दुकानाच्या पिशवीसह. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवरून, परगावच्या अनोळखी लोकांकडून त्याने त्या जमवल्या होत्या. महिन्यातून एकदा तो प्रत्येक तबकडी उजेडाकडे धरून बघायचा. आतला चकचकीत थर कडेने तपकिरी पडू लागला, की तबकडी मरणार हे ठरलेलं. मग मऊ फडक्याने, मधून कडेकडे, कधीही गोल न फिरवता, तो ती पुसायचा. हे सगळं तो अशा चेहऱ्याने करायचा की ऋजुताला हसू आवरणं कठीण जाई.

“प्लॅस्टिकच्या थाळ्या घासून झाल्या असतील तर जेवायला ये,” ती म्हणायची.

महाराष्ट्रभर विखुरलेल्या अशाच वीस-पंचवीस माणसांचं ‘तबकडी मंडळ’ होतं. बहुतेक पन्नाशीपुढचे. त्या सगळ्यांचं एक सामाईक वेड होतं, ‘कालवा’ नावाचा गेम. युरोपातल्या कुठल्याशा तीन माणसांच्या कंपनीने तो कधीकाळी काढला आणि लगेच तिचं दिवाळं वाजलं. कालव्याकाठचं एक गाव, आणि त्यातून होडी पुढे न्यायची. वाटेत पाणी अडवणारी दारं. प्रत्येक दाराचं एक कोडं. शेवटचं दार मनोऱ्यातल्या घंटा योग्य क्रमाने वाजवल्या तर उघडणार. जगात कुणालाही ते उघडता आलेलं नव्हतं. गेमचा शेवट तबकडीवर होता, पण असा कुलूपबंद, की घंटांचा खरा क्रम हीच त्याची किल्ली. त्यामुळे भल्याभल्या संगणकतज्ज्ञांनाही तो आतून फोडून बघता आला नाही. काही जण म्हणत, की बनवणाऱ्यांकडूनच चूक राहिली असावी, ते दार उघडतच नसावं.

श्रीरंग दर रविवारी सकाळी त्या दारापाशी बसायचा. दहा-अकरा वर्षं. क्रम चुकला, की होडी प्रवाहाबरोबर मागे जाई आणि अर्धा गेम पुन्हा खेळावा लागे. तो पुन्हा खेळायचा.

एकदा जेवताना वाद झाला.

“आज एक पेशंट सांगत होता, त्याने ‘आहा’चे शेकडो टप्पे पार केलेत,” श्रीरंग म्हणाला. “त्याला तोंड उघडा म्हटलं की मिटत होता, मिटा म्हटलं की उघडत होता.”

ऋजुता हसली. “मग? बिचाऱ्याला कुठेतरी हुशार वाटायला नको?”

“तुम्ही लोकांना खोटं खायला घालता, ऋजू.”

“खोटं काय त्यात? त्याचा आनंद खराच असतो. मी मोजलाय. तुझ्या मेंदूत नि त्याच्या मेंदूत काडीचा फरक दिसणार नाही.”

“मला दिसेल.”

“काय दिसेल?”

“फरक.” त्याने शांतपणे पोळीचा तुकडा मोडला. “आपल्याला खरंच सुटलं की कुणी सोडवू दिलं, ते मला कळेल. आयुष्य गेलंय माझं यात. मी काही तुझं ते ‘आहा’चं गिऱ्हाईक नाही.”

त्याच्या त्या थंड खात्रीनेच ऋजुताचं डोकं फिरलं. असा खात्रीचा चेहरा तिने रोज ऑफिसच्या पडद्यावर पाहिलेला होता. लाखो माणसांचा. प्रत्येकाला वाटायचं, मूर्ख ते बाकीचे, मी नाही.

पुढच्याच महिन्यात श्रीरंगचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. ऋजुताने घरी नवा आणला. “ऑफिसात नुसता पडून होता,” ती म्हणाली. वर छोटा कॅमेरा होता. तबकडी घालायचा ड्राइव्ह तिने बाहेरून जोडून दिला. जुने गेम नव्या यंत्रावर सरळ चालत नाहीत. मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो, जो जुन्या गेमचं म्हणणं नव्या यंत्राला समजावून सांगतो. तोही तिनेच बसवून दिला. दुभाष्याने खरंच सांगितलं पाहिजे अशी काही सक्ती नसते. त्या दुभाष्यात तिने वळण घातलं होतं.

घंटांचा प्रश्न सोपा होता. श्रीरंग जो क्रम वाजवेल तो बरोबर म्हणायचा, चौथ्या वेळी. पण दारापलीकडचं सगळं कुलूपबंद होतं, त्यामुळे शेवट तिला स्वतः बनवावा लागला. एका दुपारी, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात, तिने तो उरकला. होडी दारातून पुढे सरकते. गावातल्या खिडक्यांमधले दिवे एकेक करून लागतात. गेमभर जिचं नुसतं गाणं ऐकू येतं ती दारवानाची मुलगी पुलावर येते आणि खाली वाकून म्हणते, “उशीर झाला. पण आलात.” भावुक माणसांना एवढं पुरतं, असा तिचा अनुभव होता.

पहिले तीन रविवार तो चुकला. चौथ्या रविवारी सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन त्याच्या शेजारी बसली. एरवी ती बसत नसे. श्रीरंगच्या ते लक्षात आलं, आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तो बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिला. मग त्याची पापणी लवायची थांबली, बोट सैलावलं. ऋजुताला कळलं, त्याला काहीतरी सुचतंय. त्याला अजून कळलेलं नव्हतं.

मधली घंटा. लहान. लहान. मोठी. मग पुन्हा मधली.

दार उघडलं.

तो ओरडला नाही, उडी मारली नाही. होडी पुढे सरकली, खिडक्यांत दिवे लागले, मुलगी पुलावर आली. तिचं वाक्य त्याने पडद्यावर वाचलं, चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. खांदे हलत होते.

“ऋजू,” तो म्हणाला, “उघडलं गं.”

ऋजुताजवळ वाक्य तयार होतं. आंघोळ करताना, गाडी चालवताना ती ते मनाशी म्हणून बघत होती. ‘श्री, हे मी केलंय. कळला का फरक?’ एवढंच. तिने तोंड उघडलं, तोच त्याने न बघता तिचा हात धरला. घट्ट. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात धरायचा तसा.

“चहा गार झाला,” ती म्हणाली. “दुसरा करते.”

त्या दिवशी तो तासन्‌तास तिला समजावत होता की हाच क्रम का बरोबर. पहिल्या पुलावर पाकोळ्या कशा उडतात, गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ कशी दोनदा येते, दारवानाच्या घरातलं घड्याळ कुठल्या आकड्यावर बंद पडलंय. एकात एक सगळं इतकं चोख बसत होतं की ऋजुताला क्षणभर शंका आली, चुकून खरंच तर नाही ना हे? मग तिने स्वतःला आवरलं. उत्तर आधी हातात पडलं, की माणूस कारणं किती सुबक जुळवतो! ‘आहा’चे लोक हेच करतात. हाही त्यातलाच निघाला.

तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

श्रीरंगने साताऱ्याच्या अन्वर तांबोळींना फोन केला. ते मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. पलीकडून बराच वेळ नुसतं “या अल्ला, या अल्ला” ऐकू येत होतं. मग त्यांनी शेवट कसा आहे ते दोनदा सांगायला लावलं. पुलावरच्या मुलीपाशी त्यांचा आवाज भरून आला. मंडळाचा नियम असा, की उत्तर आधी फोडायचं नाही. सगळ्यांसमोर, मंडळाच्या मशीनवर, मंडळाच्या तबकडीवर दाखवायचं. रविवारी सगळ्यांना साताऱ्याला बोलावणं गेलं.

“कशाला जातोस?” ऋजुता म्हणाली. “व्हिडिओ काढून पाठव की घरून.”

“ते इतकी वर्षं थांबलेत, ऋजू. त्यांच्या डोळ्यांसमोर उघडायला हवं.”

सबंध आठवडा तिला सांगता आलं असतं. सकाळी तो दाढी करताना गुणगुणायचा, तेव्हा तिला वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तो दवाखान्यातून मिठाई घेऊन यायचा, तेव्हा वाटायचं, उद्या. शेवटी रविवारी ती त्याच्याबरोबर गाडीत बसली, हे तेवढं तिच्याकडून झालं.

अन्वरभाईंचं पूर्वी सायबर कॅफे होतं. ते कधीच बंद पडलं, पण त्यांनी जुनी यंत्रं झाकून, तेलपाणी करून जिवंत ठेवली होती. त्या खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी फलटणहून आलं होतं, कुणी वसईहून. मधल्या खुर्चीवर ढमढेरे सर होते, मंडळाचे अध्यक्ष, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ज्यांच्या मते या छंदातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

“या डॉक्टर,” ते म्हणाले. “बघू तरी, आमच्या डोक्यात जे आलं नाही ते तुमच्या डोक्यात कसं आलं!”

ऋजुता मागे दारापाशी उभी राहिली. तबकडी आत गेली, घरघरली. श्रीरंगने बोलता बोलता, पाकोळ्या आणि कडवी समजावत, होडी मनोऱ्यापाशी आणली. लोक माना पुढे काढून ऐकत होते. “अरे हो की!” कुणीतरी पुटपुटलं. “घड्याळाचं माझ्या कसं लक्षात आलं नाही?”

मधली. लहान. लहान. मोठी. मधली.

होडी मागे गेली.

“एखादी घंटा चुकली असेल,” अन्वरभाई म्हणाले. “पुन्हा करा, डॉक्टर. आम्हाला घाई नाही.”

पुन्हा सगळं खेळून तो मनोऱ्यापाशी आला. या वेळी तो बोलत नव्हता. होडी पुन्हा मागे गेली.

“माझी तबकडी कदाचित वेगळ्या खेपेची असेल,” श्रीरंग म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “घरी उघडलं होतं. मी पाहिलंय.”

“कालवा एकाच खेपेत निघाला, डॉक्टर,” ढमढेरे सर म्हणाले. “दुसरी खेप निघालीच नाही. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्हालाही.”

“सर, मी खरंच...”

“मुलगी पुलावर येते म्हणे! दिवे लागतात म्हणे!” सरांनी खोलीभर नजर फिरवली. “उशीर झाला, पण आलात! अहो, कादंबऱ्या लिहा तुम्ही. अन्वर इथे आठवडाभर रडतोय त्या वाक्यावर. मोठेपणासाठी खोटं बोलायचं, तर निदान तयारी करून यावं माणसाने.”

कुणीतरी हसलं. श्रीरंग पडद्याकडे बघत होता. त्याने तिसऱ्यांदा सुरुवात करायला माउसवर हात ठेवला.

“तो खोटं बोलत नाहीये,” ऋजुता मागून म्हणाली. “खोटं माझं आहे.”

सगळे वळले. तिने सांगितलं. ‘आहा’ कुणी बनवलं, वळण कसं चालतं, दुभाष्यात काय घातलं होतं, शेवट कुणी लिहिला. कारणही सांगितलं. “तो म्हणाला होता, मला फरक कळेल. मला दाखवायचं होतं, की नाही कळणार.”

बोलताना ती लोकांकडे बघत होती. शेवटी श्रीरंगकडे बघावंच लागलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याच्या दाढेचा एक्स-रे बघावा तसा तो तिच्याकडे बघत होता, कीड कुठवर गेलीये त्याचा अंदाज घेत.

आता आरडाओरड होईल, असं तिला वाटलं. व्हायला हवी होती. तिने मनाची तयारी केली होती.

“चहा घ्या सगळे,” अन्वरभाई हळूच म्हणाले आणि आत गेले. पाठ फिरवताना त्यांनी डोळे पुसले.

कप फिरू लागले. माणसं गटागटाने कुजबुजू लागली. ढमढेरे सर उठून तिच्याजवळ आले.

“वहिनी,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “चुकलात तुम्ही. पण चारचौघांत कबूल केलंत, त्याला मोठं मन लागतं. एक विचारू? ते जे काही आहे तुमचं... ते आमच्या मशीनवर बसेल का?”

ऋजुताला आधी कळलंच नाही. “काय बसेल?”

“ते वळण.”

“अहो, खोटं आहे ते. आत्ताच सांगितलं मी.”

“कळलं हो, कळलं. पण माझं वय बघा. मी काय हे दार सोडवून जाणार नाही. निदान उघडलेलं बघून जातो.”

“खोटं आहे हे माहीत असून?”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. “दोनचार महिन्यांनी बसवा ना. तोवर विसरेन मी.”

त्यांचं ऐकून वसईचे एक गृहस्थ पुढे सरकले. त्यांना ते भावासाठी हवं होतं, स्वतःसाठी नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चष्मेवाल्या एका बाईंनी विचारलं, त्या मुलीचं वाक्य मराठीत ऐकू येईल असं करता येईल का. आणि मघाशी हसलेला माणूस तर फार बारकाईने विचार करून आला होता. “मॅडम, चौथ्याऐवजी दहाव्या वेळी सुटेल असं करा,” तो म्हणाला. “चौथ्या वेळी म्हणजे जरा लगेच होतं. खरं वाटणार नाही.”

ऋजुता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मघाशी एका माणसाला खोटारडा म्हणणारी ही तोंडं. इतक्या वर्षांत तिचं म्हणणं इतक्या लख्खपणे कधीच सिद्ध झालं नव्हतं. आलेख नको, कॅमेरा नको. माणसं स्वतः रांग लावून सांगत होती, की आम्ही तसेच आहोत जसं तू समजतेस. आणि ती एकेक पाऊल दाराकडे मागे सरकत होती.

श्रीरंग खिडकीपाशी उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. याच माणसांसाठी तो घरी तिच्याशी भांडायचा. “मंडळातले लोक वेगळे आहेत, ऋजू,” म्हणायचा. त्याने मंडळाची तबकडी काढून तिच्या खोक्यात ठेवली, अन्वरभाईंना आत जाऊन काहीतरी सांगितलं, त्यांनी त्याला मिठी मारली, आणि तो जिना उतरून गेला.

“नाही,” ऋजुता ढमढेरे सरांना म्हणाली. “मी नाही देणार.” आणि तीही उतरली.

तिच्या नाहीने फारसं काही बिघडलं नाही. सरांनी पुढे थेट कंपनीला गाठलं. निमिषला ती कल्पना विलक्षण आवडली. न सुटलेल्या सगळ्या जुन्या गेमना वळण जोडून द्यायचं, नाव ‘वारसा’. ऋजुताने त्यावर काम करायला नकार दिला, तर दुसऱ्या टीमने ते पंधरवड्यात उरकलं. शेवटचे प्रसंगही आता यंत्रच लिहून द्यायला लागलं. ढमढेरे सरांचं दार त्याच महिन्यात उघडलं. ते कसं सुचलं, यावर त्यांनी मंडळात तासभर व्याख्यान दिलं म्हणे.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी दोघं गाडीत बसली तेव्हा ऊन कलत होतं. श्रीरंग चालवत होता. लिंब फाटा गेला, पाचवड गेलं. खंबाटकीचा बोगदा पार झाल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

“एक विचारू?”

“विचार.”

“इतकी वर्षं मी ते दार उघडायला बसायचो. तुला कधी एकदा तरी वाटलं होतं, की मला सुटेल?”

त्याला काय ऐकायचंय हे ओळखायला तिला कॅमेऱ्याची गरज नव्हती. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली होती. पापणी लवत नव्हती. एक ‘हो’ पुरलं असतं. आतापर्यंत जे घडलं त्याच्याशी ते जुळवताही आलं असतं. तुझ्यावर विश्वास होता म्हणूनच तुला एवढा धक्का द्यावासा वाटला, वगैरे. ते सगळं वाक्य तिच्या डोक्यात आपोआप तयार झालं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

त्याने मान हलवली. समोरच्या ट्रकला जाऊ दिलं.

“मलाही नव्हतं वाटलं,” तो म्हणाला.

ऋजुताने झटकन त्याच्याकडे पाहिलं. ती इतकी वर्षं त्याच्या आशेला हसत आली होती. वेडा, दर रविवारी नव्या उमेदीने बसतो म्हणून. आणि ती आशा तिथे नव्हतीच. मग त्या खुर्चीत बसून तो काय करत होता, हे शेजारच्या खोलीत राहून तिने कधी विचारलंच नव्हतं.

“मग कशासाठी बसायचास, श्री?”

शिरवळ मागे पडलं.

“सांगेन,” तो म्हणाला. “आज नको. आज मी तुझ्यावर फार चिडलोय.”

“बरं,” ऋजुता म्हणाली, आणि पुण्यापर्यंत तिने त्याला चिडू दिलं.